टाकीतली हवा, पंख्यापुरती वीज

इंजिन चालतं, हे आधीच सांगून टाकतो. पेट्रोल नाही, ठिणगी नाही, धूर नाही; भंगारातून आणलेलं ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन नुसत्या दाबाच्या हवेवर खडखडत फिरतं. त्याच्या पुलीवर पट्टा चढवला की गाडीचा अल्टरनेटर फिरतो आणि बल्ब लागतो. यात जादू नाही आणि बनवाबनवीही नाही. इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला हा आवडता प्रकल्प आहे आणि प्रदर्शनात ही इंजिनं व्यवस्थित फिरतातही. तेव्हा वाद चालण्याबद्दलचा नाही. घरात वीज म्हणून त्यातून नेमकं किती हाती येतं, आणि जे येत नाही ते कुठे जातं, एवढंच पाहायचं आहे. ते कळायला इंजिन उघडावं लागेल आणि टाकीवरच्या गेजकडेही लक्ष ठेवावं लागेल.

जुन्या लुनाचं किंवा फवारणी पंपाचं टू-स्ट्रोक इंजिन या कामाला सोयीचं, कारण त्याच्या माथ्यावर झडपाच नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात. पिस्टन खाली उतरला की त्या उघडतात, वर गेला की झाकल्या जातात. वापरलेली हवा बाहेर जायची वाट आयती तयार आहे. आत घ्यायची वाट तेवढी करायची. त्यासाठी स्पार्क प्लग काढायचा आणि त्याच आट्यांत बसेल असा पितळी तुकडा लेथवर कातून घ्यायचा. तुकड्याला आरपार भोक, भोकाच्या वरच्या तोंडावर बेअरिंगचा छर्रा, छर्‍यावर हलकी स्प्रिंग. टाकीतून येणारी हवा छर्‍याला खाली दाबून धरते, म्हणून भोक बंद राहतं. पिस्टनच्या माथ्यावर मधोमध एक खुंटी बसवलेली असते. पिस्टन वर आला की खुंटी भोकात शिरून छर्‍याला उचलते आणि हवा फस्सकन आत येते. पिस्टन खाली सरकला की छर्रा जागेवर.

प्रदर्शनात दिसतं ते बहुतेक हेच इंजिन. त्याची एक गंमत म्हणजे ते दोन्ही दिशांना फिरतं. खुंटी छर्‍याला पिस्टन वर पोचण्याच्या थोडं आधी आणि थोडं नंतर, असं दोन्हीकडे सारखंच उचलते. त्यामुळे इंजिनाला उलटं-सुलटं काही कळत नाही, आपण हाताने ज्या बाजूला झटका द्याल त्या बाजूला ते पळतं. आधीच्या अर्ध्या उघडझापीत आत आलेली हवा मात्र पिस्टनला उलटा धक्का देते, आणि तो धक्का पचवायला जड फ्लायव्हील लागतं. शिवाय छर्रा उघडा राहतो तो जेमतेम चार-पाच मिलिमीटरच्या हालचालीपुरता. नुसतं फिरायला तेवढी हवा पुरते, पण पट्टा चढवून अल्टरनेटरवर भार टाकला की इंजिन गुदमरतं.

भार ओढायचा असेल तर छर्‍याऐवजी सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवतात. फ्लायव्हीलवर एक लोहचुंबक, शेजारी एक सेन्सर. पिस्टन माथ्यावरून किंचित पुढे सरकला की सेन्सर व्हॉल्व्हला ‘उघड’ म्हणतो आणि खिडकी उघडायच्या सुमाराला ‘बंद’ म्हणतो. इथे वेग आडवा येतो. मिनिटाला १००० फेरे म्हणजे एक फेरा ६० मिलिसेकंदांचा आणि पिस्टन खाली यायचा वेळ ३० मिलिसेकंदांचा. बाजारातल्या साध्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला उघडायलाच १०-२० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे असं इंजिन पेट्रोलवर पळतं तसं चार-पाच हजार फेर्‍यांनी पळवता येत नाही. हजाराच्या आसपास ते समाधानी असतं.

वंगणाकडेही लक्ष द्यावं लागतं. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधून मिळायचं, तेही खालच्या क्रँककेसमधून. आता पेट्रोलच नाही आणि हवा येते वरून. म्हणून हवेच्या नळीत ऑइलचे थेंब सोडणारा लुब्रिकेटर लावावा लागतो आणि क्रँकच्या बेअरिंगला वेगळं ऑइल द्यावं लागतं. ते विसरलं तर दोन-तीन तासांत बेअरिंग ओरडायला लागतं. फोर-स्ट्रोकची भानगड याहून मोठी: तिथे कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे हवा दर दुसर्‍या फेर्‍यालाच आत येणार. कॅम नव्याने घासून घेण्याची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

वीज करणारी बाजू त्या मानाने सोपी. गाडीचा १२ व्होल्टचा अल्टरनेटर घ्यायचा, इंजिनाची पुली मोठी आणि अल्टरनेटरची लहान ठेवून त्याला दुप्पट फेरे द्यायचे. घरात येते तशी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची वीज थेट काढायचा मोह होतो, पण त्यासाठी दोन ध्रुवांच्या जनरेटरला मिनिटाला बरोबर ३००० आणि चार ध्रुवांच्याला १५०० फेरे हवेत, भार वाढो की कमी होवो. टाकीतला दाब उतरेल तसा वेगही उतरणार, म्हणून ते जमत नाही. सगळे जण मग १२ व्होल्टची बॅटरी मध्ये घालतात आणि तिच्यावर इन्व्हर्टर. ही बॅटरी लक्षात ठेवा, पुढे तिच्याशी काम आहे.

आता हिशेब. आकडे ठोकळ आहेत, पण दिशा चुकवणारे नाहीत.

पंक्चरच्या मोठ्या दुकानात असते तशी २०० लिटरची टाकी धरू. गेजवर ९ बार, म्हणजे साधारण १३० पीएसआय. बाहेरच्या हवेचा दाब मिळवला तर १० बार. एवढ्या टाकीत हवेचं वजन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं. इंजिनाला गेजवर ५ बार लागतात. त्याखाली भार ओढत नाही. तेव्हा ९ पासून ५ पर्यंतची हवा आपल्या कामाची. बाहेरच्या दाबात मोजली तर ती ८०० लिटर.

५० सीसीच्या इंजिनात खिडकी उघडेपर्यंतची जागा धरली ४० सीसी, कोपर्‍यातली उरलेली जागा धरून ५०. दर फेर्‍याला तेवढी हवा ६ बारने भरते, म्हणजे बाहेरच्या दाबात ३०० सीसी. मिनिटाला १००० फेरे म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. आपली ८०० लिटर हवा दोन मिनिटं चाळीस सेकंदांत संपली. या वेळात इंजिनाच्या दांड्यावर १५० वॅट मिळाले तर नशीब म्हणायचं. गाडीचा अल्टरनेटर त्यातले निम्मे-पंचावन्न टक्केच विजेत बदलतो, कारण तो कार्यक्षमतेसाठी नाही, स्वस्त आणि दणकट असावा म्हणून बनवलेला असतो. हाती आले ८० वॅट. छताचा जुना पंखा ७५ वॅट घेतो. तेव्हा एका टाकीवर पंखा दोन मिनिटं चाळीस सेकंद फिरला.

दुसर्‍या बाजूला, ही ८०० लिटर हवा परत भरायला दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर मिनिटाला सुमारे २०० लिटर या दराने चार मिनिटं चालवावा लागतो.

इथे बरेच जण फसतात, आणि फसवणारेही नेमकं इथेच फसवतात. चार मिनिटं भरलं, पावणेतीन मिनिटं चाललं. ऐकायला व्यवहार वाईट वाटत नाही. थोडी सुधारणा केली की बरोबरी होईल, त्याहून थोडी जास्त केली की फायदाच, असा विचार डोक्यात येतो. पण घड्याळाने वीज मोजत नाहीत. त्या चार मिनिटांत कॉम्प्रेसर मीटरमधून १९०० वॅट ओढत होता आणि या पावणेतीन मिनिटांत आपण ८० वॅट काढले. गुणाकार करा: गेले साडेचारशे किलोज्यूल, आले जेमतेम तेरा. शंभरातले तीन. एक युनिट वीज हवी असेल तर अशा २८० टाक्या रिकाम्या कराव्या लागतील आणि त्या भरायला पस्तीसएक युनिट घालावी लागतील.

बाकीचे सत्त्याण्णव टक्के गेले कुठे? सगळ्यात मोठा चोर कॉम्प्रेसरमध्येच बसलेला आहे. कॉम्प्रेसर सुरू असताना त्याच्या सिलिंडरवरच्या पंखांजवळ हात न्या, किंवा नकोच, भाजेल. ३० अंशांची हवा एकदम दहापट दाबली आणि तिची उष्णता कुठेही जाऊ दिली नाही तर तिचं तापमान ३१० अंशांवर जातं. प्रत्यक्षात पंख आणि वारा तिला थोडं निववतात, तरी टाकीकडे जाणारी तांब्याची नळी बोट लावण्याजोगी राहत नाही. गरम हवा थंड हवेपेक्षा जोराने उलट ढकलते, म्हणजे पिस्टनला जास्त कष्ट. हे कष्ट मोटरने केले, त्याची वीज मीटरवर चढली, आणि मग ती गरम हवा टाकीत जाऊन निवांत थंड झाली. गेज ९ वर कॉम्प्रेसर आपोआप बंद होतो. थोड्या वेळाने पाहिलं तर कुठेही गळती नसताना काटा जरा खाली आलेला असतो. उतरलेला तो दाब म्हणजे दुकानाच्या हवेत मिसळून गेलेली उष्णता. कॉम्प्रेसर हा मुळात हीटर आहे आणि दाबाची हवा हे त्याचं जोडउत्पादन, असं म्हटलं तर कारखान्यातला कुठलाही मेंटेनन्सवाला मान डोलावेल.

ही उष्णता गेल्यावर टाकीत जे उरतं तेही थोडकंच. आपल्या २०० लिटरच्या टाकीतून, अगदी आदर्श यंत्राने, शेवटच्या फुंकरीपर्यंत काढायचं म्हटलं तर २८० किलोज्यूल निघतात. एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंच, लोखंडी, भिंतीला टेकवून ठेवलेल्या त्या टाकीत ०.०८ युनिट मावतं. कुठलाही शोध, कुठलंही नवं इंजिन यापेक्षा जास्त काढू शकत नाही, कारण ते तिथे नाहीच.

दुसरी चोरी इंजिनात. आपण पिस्टन खाली येईपर्यंत टाकीची वाट उघडी ठेवली. खिडकी उघडते तेव्हा सिलिंडरमधली हवा अजून दाबाखालीच असते, आणि ती तशीच फाट्कन बाहेर जाते. सायलेन्सर काढून टाकलेल्या हवेच्या इंजिनाचा जो कान फोडणारा आवाज असतो, तो या वाया गेलेल्या दाबाचा. यावर उपाय आहे आणि तो वाफेच्या इंजिनवाल्यांना केव्हापासून माहीत होता: पिस्टन एक तृतीयांश खाली आला की वाट बंद करायची आणि आत आलेल्या हवेला स्वतःच्या बळावर फुगत पिस्टनला उरलेलं अंतर ढकलू द्यायचं. तेवढ्याच हवेतून मग दीडपटीहून जास्त काम निघतं. पण दर फेर्‍यातली ताकद निम्म्यावर येते, म्हणजे तेवढ्याच वॅटसाठी इंजिन मोठं लागतं. आणि आणखी एक पाहुणा येतो: बर्फ.

दाबल्यावर तापणारी हवा फुगताना गारठते. ६ बारची ३० अंशांची हवा पूर्ण फुगली आणि बाहेरून उष्णता मिळाली नाही तर हिशेबाने ती शून्याखाली ९० अंशांपर्यंत जाते. खर्‍या इंजिनात एवढं होत नाही, कारण सिलिंडरची भिंत तिला ऊब देते. पण शून्याखाली जायला काहीच अडचण नाही. पावसाळ्यात ३० अंशांच्या ओलसर हवेत घनमीटरला ३० ग्रॅम पाणी असतं. त्यातलं बरंचसं टाकीच्या तळाशी साचतं, उरलेलं इंजिनात येऊन खिडकीपाशी गोठतं. आधी कडेला पांढरी रेघ दिसते, मग आवाज बदलतो, मग इंजिन थांबतं.

तेव्हा हवेला ऊब द्या, म्हणजे बर्फही नाही आणि कामही जास्त. हे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच लोकांनी करून दाखवलं. लुई मेकार्स्कीच्या ट्राम नांत शहरात १८७९ पासून १९१७ पर्यंत दाबाच्या हवेवर धावल्या. त्यांत हवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी दाबाखालच्या गरम पाण्याच्या भांड्यातून बुडबुडत जायची. पॅरिसमध्ये व्हिक्टर पॉपच्या कंपनीने आधी हवेच्या ठोक्यांवर चालणारी सार्वजनिक घड्याळं लावली आणि पुढे रस्त्याखालून नळ टाकून कारखान्यांना, दुकानांना दाबाची हवा विकली. काही ठिकाणी हवेच्या मोटरवर डायनामो फिरवून विजेचे दिवेही लावले जायचे. म्हणजे आपला आजचा विषय तिथे धंदा म्हणून चाललेला होता. मोटरच्या आधी हवा तापवायला छोटी शेगडी असायची. विजेच्या तारा आल्यावर दिवे आणि मोटरी तिकडे गेल्या, तरी ते हवेचं जाळं पॅरिसमध्ये १९९४ पर्यंत टिकलं. घरच्या घरी करायचं तर गच्चीवरच्या सोलर हीटरच्या ६०-७० अंशांच्या पाण्यातून हवेची नळी फिरवता येईल. काम १०-१३ टक्क्यांनी वाढेल. तीन टक्क्यांचे सव्वातीन होतील.

दाब वाढवला तर? सीएनजी गाडीतला ६० लिटरचा सिलिंडर २०० बारने भरला तर आदर्श हिशेबाने त्यात १.४ युनिट मावतं. ऐकायला बरं वाटतं. पण २०० बारची हवा ५० सीसीच्या इंजिनाला थेट पाजता येत नाही, रेग्युलेटरने ६ वर आणावी लागते, आणि रेग्युलेटर म्हणजे अडवून धरलेली फुसफूस. त्यात कामाची क्षमता दोन तृतीयांश फुकट जाते. त्या इंजिनाला हा सिलिंडर म्हणजे आपल्या १५ टाक्या. पंखा ४० मिनिटं फिरेल. भरायला मात्र तीन-चार टप्प्यांचा, प्रत्येक टप्प्यानंतर हवा थंड करणारा कॉम्प्रेसर लागेल, आणि तो पंक्चरच्या दुकानात मिळत नाही. रेग्युलेटरची चोरी टाळायची तर इंजिनालाही टप्पे हवेत: लहान सिलिंडर, मग मधला, मग मोठा, आणि प्रत्येक टप्प्याच्या मध्ये हवेला पुन्हा तापवणं.

या वाटेने जाण्याचा गाजलेला प्रयत्न आपल्या ओळखीच्या कंपनीने केला होता. फ्रान्समधले गी नेग्र हे आधी मोटरशर्यतींची इंजिनं करणारे इंजिनीअर. त्यांनी एमडीआय ही कंपनी काढून हवेवर चालणार्‍या गाडीचा ध्यास घेतला. २००७ मध्ये टाटा मोटर्सने त्यांच्याशी करार केला आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत ‘हवेवर चालणारी गाडी’ येऊ घातली. २०१२ मध्ये टाटांनी पहिला टप्पा पूर्ण झाल्याचं, दोन गाड्यांत हे इंजिन चालवून पाहिल्याचं जाहीर केलं. नेग्र २०१६ मध्ये वारले. गाडी शोरूमपर्यंत आली नाही. त्यावर ‘पेट्रोल कंपन्यांनी दाबून टाकलं’ अशी कुजबुज अजून ऐकू येते. मला ती पटत नाही; वर मांडलेला हिशेबच गाडीला दाबायला पुरेसा आहे. त्याच काळात लिथियम बॅटरी स्वस्त होत गेल्या, हेही विसरून चालणार नाही.

एका खुळाचा समाचार इथेच घेतो. इंजिन अल्टरनेटर फिरवेल, अल्टरनेटर कॉम्प्रेसर चालवेल, कॉम्प्रेसर टाकी भरेल आणि वर घराला फुकट वीज, अशी साखळी दाखवणारे व्हिडिओ लाखो लोक बघतात. १९०० वॅट मागणार्‍या कॉम्प्रेसरला ८० वॅट देणारं इंजिन कसं पोसणार, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. कॅमेरा टाकी भरलेली असताना सुरू होतो आणि गेज ५ वर यायच्या आत बंद होतो. मधल्या वेळात चालतं ते आधी मीटरमधून भरून ठेवलेल्या विजेवर. गेजचा काटा चौकटीत दिसतो का, एवढं बघितलं तरी पुरे.

मग दाबाच्या हवेत वीज साठवणं हा मूर्खपणाच का? नाही, आकार मोठा हवा आणि उष्णतेची सोय हवी. जर्मनीत हुन्टॉर्फला १९७८ पासून असं केंद्र चालू आहे. जमिनीखालच्या मिठाच्या थरात पोकळ्या करून त्यांत सुमारे तीन लाख घनमीटर हवा ४३ ते ७० बारच्या दरम्यान साठवतात आणि मागणी वाढली की ती सोडून वीज काढतात, सुरुवातीला २९० मेगावॅट. पण तिथेही दाबताना निघालेली उष्णता टाकूनच दिली जाते आणि बाहेर येणारी हवा नैसर्गिक वायू जाळून तापवावी लागते. एक युनिट परत मिळवायला सुमारे ०.८ युनिट वीज आणि १.६ युनिटांएवढी गॅसची उष्णता. अमेरिकेत अलाबामातल्या मॅकिन्टॉशचं ११० मेगावॅटचं केंद्र १९९१ चं, त्याच घराण्यातलं. चीनमध्ये जिनतानला २०२२ मध्ये सुरू झालेल्या ६० मेगावॅटच्या केंद्रात दाबताना निघालेली उष्णता वेगळी साठवून हवा फुगवताना परत देतात, गॅस जाळत नाहीत. म्हणजे आपल्या पंक्चरच्या दुकानातला चोर पकडायला त्यांनी स्वतंत्र उष्णता-कोठार बांधलं. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचं केंद्र हेच काम पाण्याने करतं: रात्री पाणी वर चढवायचं, गरजेच्या वेळी खाली सोडायचं. पाणी उचलताना तापत नाही, आणि अशा केंद्रांतून शंभरातले पाऊणशेच्या आसपास परत येतात.

घरापुरता विचार केला तर आपण बाजूला ठेवलेली ती १२ व्होल्टची बॅटरी आठवा. इन्व्हर्टरची नेहमीची १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी १.८ युनिट धरते. जपून निम्मं वापरलं तरी ०.९. टाकी आदर्श स्थितीत ०.०८ धरते, प्रत्यक्षात हाती देते ०.००४ च्या आतबाहेर. बॅटरीत घातलेल्या विजेतली सत्तर-ऐंशी टक्के वीज परत येते, लिथियम असेल तर नव्वदच्या वर. गच्चीवरच्या सोलरची दुपारची वीज ‘नाहीतरी वाया जाते, हवा तरी भरू’ हा युक्तिवादही मग टिकत नाही, कारण तीच वीज त्याच बॅटरीत घालता येते. टाकी वीस वर्षं टिकते आणि बॅटरी चार-पाच वर्षांत भंगारात जाते, हे खरं आहे. टाकीची ती एकच जमेची बाजू, आणि २८० टाक्या ठेवायला घर पुरणार नाही.

हवेची ताकद खरी शोभते ती वीज नको असते तिथे. कोळशाच्या खाणीत ठिणगी उडता कामा नये, तिथे हवेची मोटर. दाताच्या डॉक्टरांचं ड्रिल मिनिटाला तीन-चार लाख फेरे मारतं ते हवेच्या चिमुकल्या टर्बाइनवर. कमी पाण्याच्या बोअरमध्ये वर कॉम्प्रेसर ठेवून खाली हवा सोडून पाणी उचलतात, कारण मग गाळात अडकायला खाली मोटरच नसते. या सगळ्यांनी विजेची उधळपट्टी समजून-उमजून पत्करलेली असते. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची मार्गदर्शक पुस्तिका कारखान्यांना सांगते की कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेतली १० ते ३० टक्केच वापराच्या ठिकाणी पोचते. आणि ७ बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला सहाशे-सातशे लिटर हवा निसटते, म्हणजे आपली दोन इंजिनं चालतील एवढी. भोसरी-चाकणच्या एखाद्या कारखान्याला वीज वाचवायची असेल तर हवेचं इंजिन नको, साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन जोड तपासणारा एक माणूस हवा.

एवढं वाचूनही इंजिन करून बघायचंच असेल तर जरूर करा. यंत्रशास्त्र शिकायला याहून बोलकं यंत्र नाही. टाकीशी मात्र खेळ नको. ९ बारची २०० लिटरची टाकी फुटली तर ६० ते १०० ग्रॅम टीएनटीएवढी ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. कारखान्यात टाकीची चाचणी पाणी भरून घेतात ती याचसाठी: पाणी दबत नाही, टाकी फाटली तर पाणी सांडतं आणि प्रकरण तिथेच संपतं. पीव्हीसी पाइपची टाकी करू नये, तिचे तुकडे सुरीसारखे उडतात. घरगुती गॅसचा जुना सिलिंडर कापून-जोडून तर अजिबात वापरू नये; आतला गॅसचा अंश वेल्डिंगला पेट घेतो आणि तसं करणं नियमाबाहेरही आहे. दाबाच्या सिलिंडरांचे नियम बघणारी पेसो ही केंद्रीय संस्था नागपूरलाच आहे. तयार, शिक्का असलेली कॉम्प्रेसरची टाकी घ्या, सेफ्टी व्हॉल्व्ह मोटर बंद होण्याच्या दाबापेक्षा थोडाच वर लावा आणि त्याची कडी अधूनमधून ओढून तो सुटतो का बघा. इंजिनाच्या पट्ट्याला जाळी लावा, कानात बोळे घाला.

आणि दोन मीटर लावा: एक कॉम्प्रेसरच्या प्लगला युनिट मोजणारा, दुसरा अल्टरनेटरच्या तारेवर वॅट दाखवणारा. टाकी ५ पासून ९ पर्यंत भरताना पहिल्याचा आकडा लिहा, ९ पासून ५ पर्यंत उतरताना दुसर्‍याचा. झडप लवकर बंद करून, हवा तापवून, पुली बदलून ते तीनाचे पाच, पाचाचे सात टक्के होतात का ते बघा. सात झाले तर तुमचं काम फार चांगलं आहे. संध्याकाळी काम संपलं की टाकीच्या तळाचा कॉक उघडून साचलेलं पाणी सोडून द्या. पावसाळ्यात ते रोज सोडावं लागतं, नाहीतर टाकी आतून गंजते, आणि तो गंज बाहेरून दिसत नाही.